सारवणाखालची चीर

पल्लवीनं जमिनीत सोडलेला वायू एकोणीस दिवस झाले तरी वर आला नव्हता, आणि शनिवारी तो मोजायचं यंत्र पुण्याला परत जायचं होतं.

पल्लवी माझी भाची, सांगलीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वडिलांचा हळदीचा व्यापार, ही मात्र दगडांच्या मागे लागली. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथली आमची कोरडी पडलेली बोअर तिनं मागून घेतली, दीडशे फूट खाली वायू सोडला आणि बोअरचं तोंड घट्ट बंद केलं. मग ओढ्यात, बांधावर, दिसेल त्या भेगेत नळ्या खोचून बसली.

आमचे मालक हंबीरराव, निवृत्त सुभेदार, तिला रोज चिडवायचे.

"काय गं, बाँब फुटला का न्हाई अजून?"

"काका, बाँब नाही. फुटलाय असं नुसतं समजायचं."

"मग सांगलीत बसून समजायचं की. आमच्याच रानात कशाला?"

तेव्हा चहा गार होईपर्यंत तिनं समजावून सांगितलं. एखाद्या देशानं जमिनीखाली खोल अणुबाँब फोडला, तर बरंचसं जहर तिथल्याच वितळलेल्या दगडात थिजून बसतं. पण झेनॉनसारखे काही वायू कशातच मिसळत नाहीत. ते कातळातल्या भेगा धरून वर निघतात. आभाळ येऊन हवेचा दाब उतरला की जमीन श्वास सोडते, वायू चार पावलं वर सरकतो. दाब चढला की दोन पावलं मागं जातो. असं करत आठवड्यांनी, महिन्यांनी बाहेर येतो. तो वेळेत पकडला तर चोरून केलेला स्फोट लपत नाही. तिनं सोडलेला झेनॉन साधा, निरुपद्रवी होता. आमच्या काळ्या कातळातून तो किती दिवसांत वर येतो, एवढंच तिला मोजायचं होतं. आला नाही, तर 'अशा दगडातून येत नाही' असं लिहावं लागणार, आणि तिला ते पटत नव्हतं.

"म्हंजे चोर पळाला तरी वास मागं ऱ्हातो," हंबीरराव म्हणाले.

"हो काका. पण वासच येईना झालाय."

गुरुवारी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन ओढ्याकाठच्या देवीकडं निघाले, तर ही ओढ्यात नकाशा धरून उभी.

"मावशी, बघ ना. ही भेग बोअरपासून सरळ येते आणि देवीच्या पुढ्यात आली की नाहीशी होते."

मी पाहिलं, आणि पाटी हातात जड झाली.

भेग नाहीशी झाली नव्हती. माझ्या सारवणाखाली होती. आमचा एकुलता एक साईराज फौजेत गेला, त्या दिवशी मी नेम धरला होता. तो नोकरी पुरी करून येईपर्यंत रोज देवीपुढचा कातळ सारवायचा. खाडा नाही, आणि बोटभरही जागा कोरी ठेवायची नाही. अकरा वर्षांत शेणमातीचे थर चांगले जाड झालेत. आणखी एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक होती. आभाळ आलं की एका रेघेत सारवण पापडासारखं फुगायचं आणि तडकायचं. दमट हवेनं होत असेल, असं म्हणून मी ते अंगठ्यानं दाबायची आणि वर पुन्हा हात फिरवायची.

माझा नेम ठाऊक असल्यानं त्या जागेवर नळी लावू का, असं पल्लवीनं एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.

त्या दिवशीही मी त्या रेघेवरून हात फिरवला. सारवून घरी आले. दुपारी मालकांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"आवं, काय करू सांगा की."

"नेम तुजा हाय. मी सांगितलं आन् उद्या काय झालं, तर तू मला बोल लावशील. न्हाई लावलास तरी मीच लावून घीन. पोरगं माझंबी हाय."

सीमेवरच्या पोराचा चेहरा दिवसभर डोळ्यांपुढून हलला नाही.

शुक्रवारी उजाडलं तेच कुंद. कार्तिकात समुद्रावर कसलंसं वादळ उठलं होतं. मी देवीपुढं बसले आणि खुरपं हातात घेतलं. आई, म्हटलं, तुझ्या पायाखालची जमीन श्वास सोडतेय आणि मी अकरा वर्षं तिचं तोंड दाबून बसलेय. चुकत असेल तर माझ्यावर घे, पोरावर नको. मग वीतभर जागा खरवडली. खाली काडीच्या जाडीची चीर होती. तिच्यावर तळहात धरला, तर गारवा लागला.

मी पल्लवीला हाक मारली.

ती धावत आली. चप्पल लांब काढली आणि तिथंच थांबली. "मावशी, तुझा नेम?"

"नेमाचं माझं मी बघते. तू नळी लाव."

चिरेवर तिनं माझंच पातेलं पालथं घातलं, कडा ओल्या मातीनं लिंपल्या, बुडाला भोक पाडून नळी यंत्राला जोडली. दहा वाजले, काही नाही. अकरा वाजले. बाराच्या सुमाराला आकडा हलला. तिनं वेळ टिपून ठेवली. दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

"आलाय, मावशी. थोडा आहे, पण आलाय."

"सुभेदारीणबाई," मालक मागून म्हणाले, "चोर तुमच्याच पदराखाली गावला की."

पल्लवीच्या पुण्याच्या सरांनी फोनवर आकडे ऐकले आणि यंत्र आणखी पंधरा दिवस ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या प्रहरी साईराजचा फोन लागला. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. म्हटलं, "बाळा, देवीपुढची वीतभर जागा आज कोरी ठेवली." आणि का ते सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"बाकीची सारवलीस न्हवं?"

"सारवली."

"मग झालं की. आमीबी हितं त्येच करतोय. कोण चोरून काय करतंय, बघत बसायचं." मग हसला. "पल्लीला सांग, पातेलं नवं घिऊन द्यायचं."

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी पाटी घेऊन गेले. पातेल्याभोवती जपून गोल हात फिरवला, आणि कडेची माती कुठं तडकलीय का, ते वाकून पाहिलं.