जोडीतली उरलेली

"डावा पाय वाकतोय!" म्हणत रेजानने पोहण्याच्या तलावाच्या लोखंडी शिडीवर चमचा आपटला. पाण्याखाली आरडाओरडा पोचत नाही, ठोका पोचतो. कोराली वर आली आणि तिने नाकावरचा चिमटा उपटून काढला.

"बघायला आहे कोण? जोडीचा नाच एकटीने करू?"

रिमुस्की शहरातल्या या तलावावर मुलींना तालबद्ध पोहणं शिकवण्यात रेजानची हयात गेली होती. लग्न राहूनच गेलं. आधी कोरड्या फरशीवर हातवारे घोटून घ्यायचे, मगच पाणी. जोडीला ती एकच संत्रं वाटून खायला लावी, पाठीला पाठ लावून श्वास जुळवायला बसवी. कोराली आणि जोएल तशाच वाढल्या. मग जोएलची माँट्रियालला राष्ट्रीय संघात निवड झाली आणि ती गेली.

"तिचं नाव तुम्हीच सुचवलंत ना?"

"हो."

"आणि माझं?"

"नाही. तुझा दम कमी पडतो. महिन्याभरात परत धाडलं असतं तुला."

"मग इथे तरी कशाला राबवताय?"

"जोएलला जिंकायला आवडतं, पोरी. तुला पाणी आवडतं."

एवढं बोलून रेजानने चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती खोल पाण्यात उतरली. गुडघे गेल्यापासून ती काठावरूनच शिकवत असे.

"अहो कोच, बुडाल!"

"बुडाले तर काढ वर. तेवढं शिकवलंय."

कोराली हसली. दोघी शेजारी-शेजारी डोकं खाली, पाय वर करून पाण्यात गेल्या. रेजानचा पाय अर्ध्यावरच अडला. डोळे उघडून तिने पाहिलं तर कोरालीनेही आपला पाय तिथेच, अर्ध्यावर धरला होता. दम संपेपर्यंत तिने तो हलवला नाही.

बाहेर कोरालीला न्यायला आलेल्या गाडीचा भोंगा वाजला. तिने वर चढून टॉवेल ओढला.

"उद्या येशील?" रेजानने विचारलं. आजवर कुठल्याच मुलीला तिने हे विचारलं नव्हतं.

"बघते," कोराली म्हणाली. मग दारातून वळून, "तुम्ही कोरडं काही घाला हं आधी."

दार मिटलं. वर चढायला गुडघे तयार होईनात. तेव्हा पलीकडे, तान्ह्या मुलांना पाण्यात न्यायला बांधलेल्या रुंद पायऱ्यांकडे, रेजान सावकाश पोहत निघाली.