वरचा प्लॉट

"वळायचं नाही हं, बाबा. अजून एक राहिलाय."

तिनं शेवटच्या ग्लासच्या बुडाला कागदाचा कपटा चिकटवला, ग्लास ओळीत सरकवला आणि बाटलीतून बोटभर वाइन त्यात ओतली. सासरे टेबलाकडे पाठ करून खिडकीसमोर बसले होते. खिडकीच्या काचेत सगळं टेबल दिसत होतं. तिच्या ते लक्षात आलं, तशी तिनं जाऊन पडदा ओढला.

"शाबास," ते पडद्यालाच म्हणाले. "तुझ्या सासूला हे सुचायला दोन वर्षं लागली होती."

तिनं ग्लास आलटूनपालटून ठेवले. मग नळाखाली हात धुतले, त्यांचा वास घेऊन बघितला आणि पुन्हा धुतले. पलीकडच्या खोलीत बाळ झोपलं होतं, दोन्ही बाजूंना उशा लावून. दार तिनं अर्धवट उघडं ठेवलं होतं आणि एक कान तिकडेच होता.

"आता?"

"आता या."

ती चार दिवसांसाठी आली होती. नवरा कामासाठी दूर गेला होता आणि बाबांकडे तुला हवापालट होईल, हे त्यानंच परस्पर ठरवून टाकलं होतं. वाइनच्या जगात सासऱ्यांचं नाव मोठं होतं. लांबलांबून माणसं यायची, तळघरातल्या पिंपांपाशी उभं राहून त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायची. मोटारी निघून गेल्या की घरात फ्रिजची घरघर तेवढी उरायची. आल्या दिवशी चहाला भांडं शोधताना तिनं फडताळ उघडलं, तर हाताशी एक ताटली, एक कप आणि एक चमचा होता. बाकीचं सगळं वरच्या फळीवर, पालथं.

सकाळी बागेचा कारभारी दारात येऊन उभा राहिला होता.

"साहेब, उद्या खोदायचं यंत्र येतंय. वरच्या प्लॉटचं काय करायचं ते आज सांगून टाका. अर्ध्या वेली वाळल्यात आणि उरलेल्या नुसते लाड करून घेतात. उपटायच्या असतील तर आत्ताच. दरवर्षी तेच विचारायचं म्हणजे मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"ग्लास ठरवतील," सासरे म्हणाले.

"ठरवू देत. बाईसाहेब असत्या ना, तर त्यांनीच पहिली कुदळ घातली असती."

"हो, तुझ्या डोक्यात."

कारभारी हसत हसत निघून गेला होता. वरचा प्लॉट सासूबाईंनी लावलेला. लग्नानंतर माहेरून आणलेल्या वेलींच्या काड्यांचा. घराची नावाजलेली बाटली त्याच्याशिवाय कधी भरली गेली नव्हती. त्या बाटलीत कुठल्या प्लॉटची वाइन किती घ्यायची, ते दरवर्षी याच टेबलावर ठरायचं. सासूबाई ओतायच्या, सासरे कुठला ग्लास कुठला हे माहीत नसताना चाखायचे. त्या गेल्यावर टेबल तसंच पडून होतं.

"एकट्याला नाही करता येत?" तिनं सकाळी विचारलं होतं.

"करून बघितलं. डोळे मिटून ग्लास फिरवले. पण हाताला ठाऊक असतं ना, कुठला कुठं ठेवला ते. एकट्यानं लपंडाव खेळायचा म्हणजे लपायचं कुठं? तू फक्त ओत. प्यायचं नाही, बाळ अंगावर पितंय तुझ्या."

तिला वाइनमधलं काही कळत नव्हतं. पण रोज संध्याकाळी सासरे काठी घेऊन वरच्या प्लॉटकडे चालत जातात आणि अंधार पडता पडता परततात, हे ती आल्यापासून बघत होती. तिथं ते काही करत नसत. ओळीतून नुसते हिंडत. तो प्लॉट गेला तर उद्यापासून संध्याकाळी हे कुठं जातील, एवढंच तिच्या डोक्यात सकाळपासून घोळत होतं.

सासऱ्यांनी पहिला ग्लास उचलला, फिरवला, नाकाशी नेला. घोट तोंडात घोळवून पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकला. घाई नव्हती. आवडलेला ग्लास ते उजवीकडे सरकवत, कमी आवडलेला डावीकडे. एक ग्लास मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. मग तो डावीकडे अगदी टोकाला, इतरांपासून थोडा वेगळा, अलगद ठेवला. जणू आत कोणी झोपलंय.

"हा शेवटचा. रंग छान आहे. आत मात्र काही उरलेलं नाही. बघ कुठला ते."

तिनं ग्लास उचलून बूड पाहिलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: वर.

"ओढ्याकाठच्या प्लॉटचा," ती म्हणाली.

"ओढ्याकाठचा?"

"हो. आणि वरचा हा. तुमचा दुसरा नंबर."

"बरं," ते म्हणाले.

तिनं भराभर ग्लास गोळा केले आणि मोरीत नेऊन नखानं कपटे खरवडून काढले. कान तापले होते. बरं केलं, ती स्वतःला सांगत राहिली. निदान एक वर्ष तरी.

उन्हं कलताना कारभारी परत आला.

"काय म्हणाले ग्लास?"

"काढून टाक वरचा," सासरे म्हणाले. "वेलींच्या तारा आजच तोडून घे, म्हणजे सकाळी यंत्राला अडायला नको."

कारभाऱ्याच्या ओठावर काहीतरी गमतीचं आलं असावं. ते त्यानं गिळलं.

"सगळा?"

"सगळा."

तो गेला. ती ओल्या हातांनी तशीच उभी. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"हो, मस्त चाललंय... झोपतो की, अगदी शहाण्यासारखा... मीपण झोपते रे... छे, बाबांना कसला त्रास? जेवलास का तू?"

तिनं फोन ठेवला, तेव्हा सासरे फडक्यानं ग्लास पुसत होते.

"खोटं बोलताना तुझा आवाज वर चढतो," ते म्हणाले. रागावून नाही. कुठल्याशा वाइनबद्दल सांगावं तसं. "ओढ्याकाठच्या वेळीही चढला होता."

"म्हणजे आवाजावरून ओळखलंत?"

"छे गं. नाकाशी नेला तेव्हाच. सगळेच ओळखले होते."

"मग आईंच्या वेळीही..."

"तिचा प्लॉट मला झोपेतसुद्धा कळला असता. आणि ती दरवर्षी लबाडी करायची. मी वरचा मागे टाकला की चेहरा अस्सा गंभीर करून सांगायची, हा दुसराच कुठला तरी, वरचा तर पहिला आला."

"आणि तुम्ही?"

"मी हरायचो." त्यांना हसू आलं. "बाटलीत तिचा प्लॉट जायचा. लोकांनी तीच बाटली डोक्यावर घेतली. आता यात वाइन कळत होती कोणाला, ते तूच सांग."

"मग आज का नाही हरलात?"

त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला. काचेवर डाग नव्हता. तरी पुन्हा पुसला.

"हरायला समोर जिंकणारं माणूस लागतं. ती जिंकायची तेव्हा दिवसभर गुणगुणत हिंडायची. तू बिचारी माझ्यासाठीच खोटं बोललीस, आणि मघापासून तोंड लपवत फिरतेयस."

सगळं ओळखता येत होतं तर मला ओतायला का बसवलंत, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी दोन्ही खुर्च्या टेबलाशी ओढल्या, समोरासमोर, आणि एकीवर बसले, तेव्हा तो प्रश्न विचारण्यात अर्थ उरला नाही.

"पहाटे मी तळघरात उतरतो तेव्हा तू येरझारा घालत असतेस," ते म्हणाले. "झोप होते का तुझी?"

"होते की!"

चढलेला आवाज तिचा तिलाच ऐकू आला.

सासऱ्यांनी फडकं बाजूला ठेवलं. हात टेबलावर, मोकळे. चढावरून तार तोडल्याचा आवाज आला. ताणलेली तार सुटल्यावर येतो तसा, टणकन, आणि मग बराच वेळ हवेत राहिलेला.

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"नाही होत, बाबा," ती म्हणाली. "बाळ झोपलं तरी नाही होत. त्याचा श्वास चालू आहे ना, ते बघत बसते. नाकाशी बोट धरून. मग वाटतं, आत्ता चालू होता, पण आता? तुमच्या मुलाला सांगितलं तर तो हसतो. सगळेच हसतात."

सासरे हसले नाहीत. वर आणखी एक तार तुटली. त्यांनी डोळे मिटले आणि तो आवाज पुरता विरेपर्यंत मिटलेलेच ठेवले.

"हं," ते म्हणाले. "पुढे?"