दारापर्यंतचा सराव

मला हात नाहीत आणि पायही नाहीत. डोके, मान आणि छाती एवढाच माझा संसार. मित्रांनो, मी प्रथमोपचाराच्या वर्गातला रबरी पुतळा आहे. कारखान्यात माझ्या छातीत एक स्प्रिंग बसवली गेली. छाती योग्य जोराने दाबली की ती 'टक्' वाजते. आयुष्यात मला एवढेच बोलता येते.

पूर्वी माझा काय थाट होता! विद्यापीठातली कितीतरी मुले माझ्यावर शिकली. "याला आज कितव्यांदा जिवंत केलं रे?" म्हणून हसायची. पुढे नवा पुतळा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

यंदा याच खोलीत मनाच्या प्रथमोपचाराचे वर्ग सुरू झाले. मनाने खचलेल्या सोबत्याला कसे ओळखायचे, काय विचारायचे, हे बाई शिकवतात. एकीने दुःखी व्हायचे, दुसरीने तिला सावरायचे, असा सराव असतो.

परवा बाईंनी एका मुलीला नापास झाल्याचे दुःख दाखवायला सांगितले. ती परीक्षेबद्दल अवाक्षर बोलली नाही. "दात घासायचंसुद्धा जिवावर येतं गं," एवढेच म्हणाली.

समोर तिची मैत्रीण होती. तिने शिकवल्याप्रमाणे सरळ विचारले, "जीव द्यावासा वाटतो का तुला?"

तिला रडू फुटले. मग म्हणाली, "हो."

"मी आहे ना. चल, आपण दोघी समुपदेशकांकडे जाऊ."

दोघी दारापर्यंत गेल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि दोघी मागे फिरल्या.

"काय रडलीस गं! नाटकात जा तू, रडूबाई," मैत्रीण म्हणाली. तीही हसली.

सगळे गेल्यावर ती एकटीच मागे राहिली. माझ्या छातीवर डोके टेकून रडली. तेव्हा बघायला कुणी नव्हते. डोक्याच्या भाराने माझी स्प्रिंग दबत नाही. मला 'टक्' एवढेही म्हणता आले नाही.

आज पुन्हा वर्ग भरला आहे. "रडूबाईलाच बसवा!" असा गलका झाला. तोच प्रश्न झाला, तिने पुन्हा "हो" म्हटले. मैत्रिणीने तिचा हात धरला आहे. दोघी दाराकडे निघाल्या आहेत आणि बाकीच्यांचे हात टाळीसाठी वर आले आहेत.

मित्रांनो, ते हात कुणीतरी धरा. त्या दोघींना दाराबाहेर जाऊ द्या.