खडकाआड

"पिशवी उघडा, काका."

म्हाताऱ्या वाटाड्याने पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. दुर्बीण, पाण्याची बाटली, गुंडाळलेला स्वेटर. मी स्वेटरही झटकून पाहिला. मिठाचा खडा काही पडला नाही.

"आमची सूनसुद्धा एवढी झडती घेत नाही हो, ताई," तो म्हणाला. पर्यटक हसले. मी हसले नाही.

माझा स्वभावच तसा. दूधवाल्याने माप भरून वर चार थेंब जास्त घातले, तर मी आधी पाणी शोधते. वनरक्षकाने असंच असावं, असं माझं मत. या म्हाताऱ्याचं तर उघडच दिसत होतं. दर फेरीला खिंडीत लोकांना थांबवून हा एकटा खडकाआड जातो आणि थोड्या वेळाने समोरच्या कड्यावर रानबकऱ्या हजर! मीठ टाकल्याशिवाय? उद्यानात जनावरांना खायला घातलं, की वाटाड्याचा परवाना रद्द होतो.

खिंड आली. "इथंच थांबा, पुढे बघून येतो," तो म्हणाला. आता सापडला चोर, म्हणत मी दबकत मागे गेले.

तो गुडघ्यांवर बसला होता. स्वेटर तोंडावर दाबून खोकत होता. सगळं अंग हलत होतं, आवाज मात्र बाहेर येत नव्हता. मला पाहताच त्याने स्वेटर पाठीमागे लपवला.

"कधीपासून हे?"

"मागच्या थंडीपासून. इथं खोकून घेतलं की तासभर बरं जातं. खोकला ऐकला की बकऱ्या पळतात."

"आणि मीठ?"

"मीठ कशाला? कड्यावर ऊन येतं, म्हणून येतात त्या." मग हळूच म्हणाला, "ऑफिसात सांगू नका, ताई. परवाना काढून घेतील. सून भली आहे, पण घरी बसून दिवसभर करू काय?"

मला माझीच लाज वाटली. "उद्या दवाखान्यात जायचं. मी येते सोबत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत फेरी बंद," मी म्हटलं. काकांनी मान हलवली.

बकऱ्या खरंच आल्या. एकीच्या पायांत पिल्लू घुटमळत होतं. पर्यटक दुर्बिणी लावून गप्प उभे राहिले, आणि माझ्या मागे काकांना उबळ आली. स्वेटर तोंडापर्यंत नेईपर्यंत एक खोकला निसटलाच. कडा रिकामा झाला. सगळे रागाने मागे वळले.

मी तोंडावर हात ठेवला. "माफ करा हं, ठसका लागला मला."

"कमाल आहे! खात्याच्याच माणसांना शिस्त नाही," एक बाई म्हणाल्या.

काका पुढे आले. बाटलीचं झाकण काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "घ्या ताई, घसा ओला करा."

तहान नव्हती. तरी सगळ्यांसमोर मी दोन घोट प्याले.