तळहातावरचा वॉशर

आमच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं की जुना वॉशर गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, हा बाबांचा नियम. इंजिनखाली ऑइल सोडायचा बोल्ट असतो, त्याला तांब्याची एवढीशी चकती बसते. आवळली की ती चेपते आणि तिचं काम संपतं. पुढच्या वेळी नवीच घालायची. जुनी परत लावणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं, असं बाबा म्हणायचे. जुनी हातावर पडली की गिऱ्हाइकाला कळतं, आत नवी गेली. बाबा गेले, पाने माझ्या हातात आले, नियम तोच राहिला. धाकटी बहीण आणि मी त्या चकत्यांशी खेळतच मोठ्या झालो.

धाकटीचा नवरा म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. चारचौघांत ताई-ताई करून जीभ झिजवेल, घरी गेला की मेल्याचा हात सुटतो. मागे तिचा दात पडला तेव्हा ती म्हणाली, जिन्यावरून घसरले. तळमजल्यावर राहते माझी बहीण. मी तिला ओढत पोलीस चौकीत तक्रार द्यायला नेलं, तर दारातूनच मागे फिरली. आम्ही गेलो होतो एवढं त्याला कळलं, आणि त्याचीही शिक्षा हिनेच भोगली.

त्या दुपारी तो गाडी घेऊन आला. घाटापलीकडे बदली झाली होती. तो आज पुढे जाऊन घर लावणार आणि धाकटी सामान आवरून मागाहून बसने जाणार, असं ठरलं होतं. तिला माझ्याकडे सोडायला आणलं होतं. घाट उतरायचाय, तेवढं ऑइल बदलून द्या ताई, म्हणाला. मी म्हटलं, बसा जावईबापू, खुर्ची पुसून देते.

धाकटीला मागच्या खोलीत नेलं आणि तिच्या गळ्यातला रुमाल सोडला. मानेवर बोटं उमटली होती. अंगठा कुठला तेही ओळखू येत होतं. नवं घर कसं आहे, विचारलं, तर गावाबाहेर एकटंच आहे म्हणाली. त्याने मुद्दाम तसं बघितलं होतं.

"तिथं मी ओरडले तरी कुणाला ऐकू येणार नाही, ताई."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. बोल्ट काढला, गरम काळं ऑइल धारेने पसरट पाटीत पडलं. वॉशर चेपून पार कागद झाला होता. नवा माझ्या खिशात होता, तो खिशातच राहू दिला. जुनाच परत चढवला, बोल्ट चिमटीने फिरवला, पाना लावलाच नाही. वरून नवं ऑइल ओतलं. घाटापर्यंत हादरे खाऊन बोल्ट गळून पडणार, ऑइल रस्त्यावर सांडणार, इंजिन जाम होणार, आणि उतारावर स्टेअरिंग दगडासारखं जड होणार. लाल दिवा लागला तरी हा थांबायचा नाही. दिव्यावर चिकटपट्टी लावणारा माणूस आहे तो. मेला तर मेला, असंच मनात होतं, खोटं कशाला सांगू.

पाटी खड्ड्याच्या काठावर ठेवून वर आले, तर साहेबांचा बेत बदललेला. धाकटीला म्हणत होता, चल, तूही आजच चल, सामान माणूस लावून आणू. राहू दे तिला, म्हटलं. मी आणते, म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धाकटीने गाडीचं दार उघडलं, एक पाय आत टाकला. मग सवयीने माझ्यापुढे हात पसरला.

"ताई, जुना वॉशर?"

तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं. पाय बाहेर घेतला.

"मी नाही येत," ती त्याला म्हणाली.

हा शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याने तिची मान धरली आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मग केसांना धरून तिला आत कोंबायला लागला. मी भिंतीला टेकवलेली टॉमी, जाड लोखंडी दांडा, उचलली आणि त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बरं वाटलं. पण तो पडला नाही. त्याची लाथ माझ्या पोटात बसली, मी पाटीत पालथी झाले, खांदा भाजून निघाला. त्याने बूट माझ्या मानेवर ठेवून तोंड ऑइलमध्ये दाबलं. नाकातोंडात ऑइल गेलं, श्वास संपला. तेवढ्यात बूट एकदम हलका झाला. धाकटीने मोठा पाना दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या तोंडावर हाणला होता. दात जमिनीवर पडले. या खेपेला त्याचे पडले.

तो गाडीला धरून उठला. हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"हात बांधून परत येतो," तो म्हणाला. "मग दोघींना ह्याच खड्ड्यात पुरतो."

तो पोकळ धमक्या देणारा नव्हता, आला असता. एका हाताने त्याने गाडी सुरू केली आणि मागे घेतली.

बाबांचं गॅरेज, बाबांचा नियम, आणि माझ्या हातचा बोल्ट. थांब, एवढंच म्हणायला मी तोंड उघडलं. धाकटीने रक्ताने माखलेला हात माझ्या तोंडावर गच्च दाबला. गाडी फाटकातून बाहेर पडून घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने तो काढला नाही.

मग तोच हात तिने पुन्हा पसरला. मी खिशातला नवा वॉशर काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली.

गाडी उभी होती तिथून फाटकापर्यंत ऑइलचे थेंब पडत गेले होते. धाकटीने कोपऱ्यातली भुशाची बादली उचलली आणि एकेका थेंबावर भुसा टाकत फाटकापर्यंत गेली.