गाठ अख्खी निघाली पाहिजे

सासूबाईंच्या कपात चमचा खणकन वाजला. "गुरुवारी ऑपरेशन आहे," असं मी सांगून टाकलं होतं. विचारलं नव्हतं.

"चाकू लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "चाकू लागला की कॅन्सर पसरतो. माझ्या बहिणीचं काय झालं, विसरलीस?"

"विसरायला मी तेव्हा या घरात होते कुठे?"

नवऱ्याने आणखी एक बिस्कीट उचललं. आईसमोर त्याची नेहमीच दातखीळ बसते.

"महिनाभर थांब. लेप लावून बघू. गाठ वाटाण्याएवढी तर आहे."

"वाटाण्याएवढी आहे तोवरच काढायची, आई. मोठी करून शाळेत घालायची आहे का तिला?"

हसू कुणालाच आलं नाही. माझी लेक, भिंगरी, अजून माझ्या छातीत डोकं खुपसून झोपते. तिचं ते घामेजलेलं डोकं अलगद उशीवर सरकवताना गाठ पहिल्यांदा माझ्या बोटांना लागली. त्या डोक्याची जागा मी कुणाला अशी बळकावू देणार होते?

"मग चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "मला दटावता, ते डॉक्टरीणबाईंना दटावा."

आणि त्या खरंच आल्या. डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकायच्या आत सासूबाईंनी तोफ डागली, "कापताना गाठ फुटली, तर आतलं सगळीकडे सांडणार नाही का?"

वाटलं, बाई हसतील. त्या पेन खाली ठेवून पुढे वाकल्या. "म्हणूनच तिला फोडायची नाही, आजी. भोवतीच्या चांगल्या मांसासकट अख्खी उचलायची. काढली की थेट पिशवीत. मग हातमोजे बदलायचे, कात्र्या-चिमटे बदलायचे आणि मगच टाके घालायचे."

सासूबाईंनी आपले हात उलटसुलट करून बघितले. "मिरच्या चिरलेल्या हातांनी मी नातीचे डोळे पुसत नाही. तसंच का?"

"अगदी तसंच."

"माझ्या बहिणीच्या वेळी बदलले असतील का हो मोजे?"

"ते मला कसं सांगता येईल? पण किती दिवस अंगावर काढलं होतं त्यांनी?"

"मुलीचं लग्न होईपर्यंत. मीच म्हटलं होतं, एवढं लग्न होऊन जाऊ दे."

खाली उतरताना जिन्यात त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "तरी भीती वाटतेच गं."

"वाटू दे. मलाही वाटते. म्हणून काय या गाठीला पोसत बसू? फुकटात राहते ती राहते, वर घरभर हुकूम सोडते!"

यावर मात्र त्या फिसकन हसल्या. घरी येऊन माझी बॅग त्यांनीच काढली. मी भरत असलेले कपडे दोनदा उपसून, त्यांच्या पद्धतीने परत घडी घालून ठेवले.

भिंगरी बॅगेच्या झाकणावर चढून बसली. "डॉक्टर तुझ्यातून काय काढणार?"

"आत काही वाईट पेशी गोळा होऊन बसल्यात. अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या. डॉक्टर सगळ्यांना एकदम उचलणार. एकीलाही हातातून सुटू देणार नाहीत."

"इथून?" तिने नेमकं बोट ठेवलं.

"इथूनच."

माझा एक पायमोजा तिने हातात चढवला आणि मूठ घट्ट आवळून बघितली.

"आणि आई, एखादी आधीच पळून गेली असेल तर?"