डावा खांदा

लोक सिनेमात चेहरे बघतात, तो खांदे बघायचा. नायक धाय मोकलून रडत असला तरी याचं लक्ष कोटाच्या शिवणीवर. गाण्याच्या कार्यक्रमाला गेला तर पुढे घुसून गिटारवाल्याच्या पँटची लांबी बघायचा आणि घरी येऊन ताईला सांगायचा, "वाजवलं झकास, पण पँट घोट्यावर गोळा झाली होती. सगळी मजा गेली." ताई म्हणायची, "तुझ्यासाठी बायको नको, शिंपीच बघायला हवा." चोविसाव्या वर्षी त्याला एका सिनेमाच्या कपडेपटात काम मिळालं. आठवडाभरात सगळे त्याला इस्त्री म्हणू लागले.

त्या दिवशी दुपारी सिनेमातलं मोठं गाणं चित्रित व्हायचं होतं. जुनं गोदाम, आत रंगमंच, त्यावर खराखुरा बँड आणि समोर तीनशे माणसांची गर्दी. नायक मुळातला गायक. दोन तारांना लटकून तो गात गात गर्दीच्या डोक्यावर जाणार होता. कोटाच्या आत जाड पट्ट्यांचं जाकीट, त्याला दोन्ही खांद्यांवर एकेक लोखंडी कडी. कोटाला भोकं ठेवलेली. त्यातून कडी बाहेर काढायची आणि तारेचा हूक तिच्यात अडकवायचा.

कपडेपटाचे मास्तर तीस वर्षांचे मुरलेले शिंपी. त्यांनी भोकं चांगली चार बोटं रुंद ठेवली होती. इस्त्रीला ती बघवेनात. मास्तर जेवायला गेले तेव्हा त्याने भोकं निम्म्यावर आणली आणि कडी इकडेतिकडे सरकू नये म्हणून प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पट्टीचा एक जाड फासा शिवला. खांदा असा बसला की बघत राहावं. याने कुणाला काही सांगितलं नाही. मास्तर आल्यावर शाबासकी देतील, एवढंच मनात होतं. पण मास्तर यायच्या आधीच कोट मागवला गेला.

तारा सांभाळणाऱ्या वायरवाल्या काकांनी गायकाच्या पाठीमागे उभं राहून दोन्ही हूक अडकवले, ओढून बघितले. घट्ट लागले. दिग्दर्शक ओरडला, "कट मी म्हणणार! तोवर कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही!"

बँड सुरू झाला. जमीन थरथरत होती. गायक वर निघाला. माणसाच्या उंचीवर, मग दोन माणसांच्या. गर्दी हात उंचावून किंचाळत होती.

इस्त्रीने सवयीने खांदे बघितले. उजवा सपाट. डावा मात्र कोटासकट वर ओढला जाऊन गायकाच्या कानाला टेकला होता.

आधी मनात आलं, शी, सगळं बिघडलं. आणि मग लक्षात आलं. तार कोटाला ओढत होती. जाकिटाला नाही. कडी त्या बारक्या भोकाच्या आतच राहिली होती आणि हूक अडकला होता त्याने शिवलेल्या फाशात! अर्धा माणूस दोऱ्यावर लोंबकळत होता. याच्याच दोऱ्यावर.

ओरडावं का? आणि चुकीचं निघालं तर? पहिलंच काम. 'त्या इस्त्रीने शूटिंग बंद पाडलं' हे जन्मभर पाठीला चिकटेल. गाण्याच्या चार ओळी तो तसाच उभा राहिला. त्या चार ओळी त्याने पुढे कधी स्वतःला माफ केल्या नाहीत.

डावा खांदा झटकन आणखी बोटभर वर सरकला. गायकाचा सूर हलला. त्याला वाटलं असेल, झोका बसला.

"थांबवा!" इस्त्री ओरडला. त्या गोंगाटात त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. काकांकडे जायचं तर मधे गर्दीची भिंत. तो पळाला, रंगमंचावर चढला, अडखळला आणि ड्रमवाल्याच्या झांजांवर दोन्ही हातांनी पडला. केवढा तरी खणखणाट झाला आणि वाजवणारे थांबले.

"कोण आहे रे तो गाढव?" दिग्दर्शक गरजला.

"डावा हूक कोटात आहे! कडीत नाही!"

गोदाम चिडीचूप झालं. काकांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, हलू नका," ते अगदी हळू म्हणाले. "हात खाली घेऊ नका. आणतोय मी."

गायक इंचाइंचाने खाली येऊ लागला. त्या शांततेत एकेक टाका तुटल्याचा आवाज येत होता. इस्त्रीने डोळे मिटले, मग भीतीनेच उघडले. डोक्याइतकी उंची राहिली तेव्हा फासा निसटला. गायक उजव्या तारेवर गर्रकन फिरला, पण खालच्या माणसांनी त्याचे पाय धरले होते. खांदा मुरगळला, ओठ फुटला. जीव वाचला.

काकांनी फाटलेली पट्टी हातात घेतली. "ही कुणी शिवली?"

मास्तर पुढे झाले. "माझ्या खात्यातलं काम आहे."

"मी शिवली," इस्त्री म्हणाला. "मास्तरांना माहीत नव्हतं. खांदा चांगला दिसावा म्हणून."

काकांचा हात वर गेला होता, तो त्यांनीच खाली घेतला. "मीही कडी बोटाने चाचपली नाही," ते म्हणाले आणि एका खोक्यावर बसून राहिले. गायक ओठ पुसत इस्त्रीकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी तेच गाणं पुन्हा ठरलं. इस्त्रीला काढलं नव्हतं; का नाही, ते त्याने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मास्तरांनी नवा कोट शिवला, भोकं पाच बोटं. खांदे उशीसारखे फुगले होते. हूक लागल्यावर काकांनी इस्त्रीला हाक मारली. "ये. हात घाल."

त्याने भोकात हात घातला. लोखंड, त्यात लोखंड. थंडगार. दुसरीकडे तसंच.

"आहे?" गायकाने मान न वळवता विचारलं.

"आहे."

"नक्की?"

त्याने पुन्हा चाचपलं. आणि मान हलवली. मग लक्षात आलं, पाठमोऱ्या माणसाला मान कशी दिसणार.

"हो," तो म्हणाला. बँड सुरू झाला आणि काकांनी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.